एमआरएनएची दोन टोके: प्रथिन किती, केव्हा आणि कुठे बनायचे?

जनुकवाचक (पवई)

जनुकांवरच्या मराठी लेखनात एमआरएनएचा, म्हणजे जनुकावरून निघणाऱ्या आरएनए नकलेचा, विषय निघाला की तीन-तीन अक्षरांचे संकेत, त्यांनुसार जोडली जाणारी अमिनो आम्ले आणि शेवटी तयार होणारे प्रथिन, इथवर येऊन लेख बहुधा संपतो. या संकेतांच्या आधी आणि नंतर एमआरएनएवर जे पट्टे असतात आणि ज्यांतून त्या प्रथिनातले एकही अमिनो आम्ल येत नाही, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. सुरुवातीचा तो ५-प्राइम यूटीआर आणि शेवटचा तो ३-प्राइम यूटीआर. मधला भाग प्रथिन कोणते ते सांगतो. पण डीएनएवरून नक्कल निघाल्यानंतर ते प्रथिन किती, केव्हा आणि पेशीच्या कोणत्या भागात बनायचे, हे मोठ्या प्रमाणावर या दोन पट्ट्यांवर ठरते, आणि रोगनिदान करताना आपण त्यांच्याकडे अद्याप पुरेसे पाहत नाही, असे माझे मत आहे. त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी रचना पाहू. माणसाच्या पेशीतील एमआरएनएच्या पहिल्या टोकाला मिथाइल गट जोडलेल्या ग्वानोसिनची टोपी असते. त्यामागे साधारण शे-दोनशे न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे अक्षरांचा, ५-प्राइम यूटीआर, मग एयूजी या आरंभसंकेतापासून थांबा-संकेतापर्यंतचा प्रथिनाचा मजकूर, त्यापुढे अनेकदा हजाराहून अधिक न्यूक्लिओटाइडांचा ३-प्राइम यूटीआर आणि सरतेशेवटी अ‍ॅडेनिनची शेपटी.

रायबोसोम, म्हणजे प्रथिन बांधणारे पेशीतले यंत्र, थेट एयूजीवर येऊन बसत नाही. टोपीला ईआयएफ-४ई हे प्रथिन चिकटते, त्याच्या आधाराने ईआयएफ-४जी आणि ईआयएफ-४ए येतात, आणि रायबोसोमचा लहान भाग पहिले मिथिओनिन वाहणारा टीआरएनए सोबत घेऊन टोपीपाशी उतरतो. तिथून तो एकेक अक्षर तपासत पुढे सरकतो आणि योग्य परिसरातला एयूजी सापडला की थांबतो. मग मोठा भाग येऊन जोडला जातो व प्रथिन बांधायला सुरुवात होते. ही कल्पना मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि १९८७ मध्ये पृष्ठवंशीय प्राण्यांच्या ६९९ एमआरएनएंची तुलना करून एयूजीभोवतीचा 'योग्य परिसर' कसा असतो तेही दाखवले. एयूजीच्या तीन अक्षरे आधी ए किंवा जी असणे आणि एयूजीच्या लगेच पुढे जी असणे, या त्यातल्या सर्वांत वजनदार बाबी. परिसर दुबळा असेल तर काही रायबोसोम तो एयूजी ओलांडून पुढे निघून जातात.

एवढे ध्यानात घेतले की ५-प्राइम यूटीआरचा प्रभाव कुठून येतो ते उमगते. रायबोसोमला तो सबंध पट्टा चालून जावा लागतो, म्हणून वाटेत जे जे काही असेल ते प्रथिनाच्या उत्पादनावर परिणाम करते. जी आणि सी अक्षरांची दाट घडी असेल तर ती उलगडायला ऊर्जा लागते; घडी टोपीला चिकटून असेल तर लहान भागाला उतरायलाच जागा राहत नाही. शेवटच्या पट्ट्याचे काम निराळ्या तऱ्हेचे आहे, त्याविषयी जाणकारांनी लिहावे.

हेमांगी_परळ

उत्तम विषय. मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे माझ्या रोजच्या कामातले उदाहरण देते.

शरीरात लोह साठवणारे प्रथिन म्हणजे फेरिटिन. त्याच्या एमआरएनएच्या ५-प्राइम यूटीआरमध्ये, टोपीपासून जवळच, सुमारे तीस न्यूक्लिओटाइडांची आयआरई नावाची एक घडी असते; देठावर सहा अक्षरांचा फास आणि देठातच एक बाहेर आलेले सी अक्षर, असा तिचा आकार. पेशीत लोह कमी असले की आयआरपी नावाची प्रथिने या घडीला घट्ट धरून बसतात आणि रायबोसोमचा लहान भाग उतरूच शकत नाही. लोहच नाही तर साठवणीचे प्रथिन कशाला, असा हा हिशेब आहे. लोह वाढले की आयआरपी-१ मध्ये लोह आणि गंधकाचा एक गुच्छ बसतो व ते प्रथिन घडी सोडून चक्क अ‍ॅकॉनिटेज हे विकर म्हणून काम करू लागते. आयआरपी-२ ची विल्हेवाट लावली जाते. वाट मोकळी झाली की फेरिटिन बनू लागते. नवीन एमआरएनए तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही, आधीच तयार असलेले एमआरएनए लगेच कामाला लागतात.

आता ही घडीच बिघडली तर काय होते ते पाहा. एका तरुण रुग्णाचे कागद आमच्याकडे आले होते. फेरिटिन हजाराच्या बरेच वर, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरले आहे तो आकडा) मात्र अगदी सर्वसाधारण, सीआरपी ही दाहाची चाचणी आणि यकृताच्या चाचण्या ठीक, एमआरआयमध्ये यकृतात लोहाचा साठा नाही. फेरिटिनच्या आकड्याला घाबरून आधीच्या ठिकाणी त्याचे रक्त काढणे सुरू केले होते, आणि थोड्याच काळात त्याचे हिमोग्लोबिन खाली आले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्याने तिशीच्या आत करून घेतली होती आणि त्याच्या आईचीही लहान वयातच झाली होती, पण ही गोष्ट फेरिटिनच्या कागदांत कुणी लिहिलेली नव्हती. हे दोन धागे जुळल्यावर एफटीएल या फेरिटिनच्या हलक्या साखळीच्या जनुकाच्या सुरुवातीच्या पट्ट्यात बदल शोधला गेला आणि तो त्या घडीतच निघाला. आयआरपीला घडी ओळखता येत नाही, म्हणून लोह असो वा नसो, फेरिटिनची हलकी साखळी बनतच राहते आणि डोळ्याच्या भिंगात तिचे स्फटिक साचतात. हा आजार १९९५ मध्ये फ्रान्स आणि इटलीतील कुटुंबांत प्रथम वर्णिला गेला. फेरिटिनच्या अमिनो आम्लांत काहीही बदल नसतो. प्रथिन निर्दोष, प्रमाण चुकीचे.

गिरगावकर_मास्तर

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. हेमांगीताईंचे विवेचन आवडले, मात्र एक शंका उरते. पेशीत लोह आत घेणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएवरही अशाच घड्या असतात, असे वाचनात आले होते. आयआरपी चिकटल्याने फेरिटिनचे उत्पादन थांबते, तर लोह कमी असताना रिसेप्टरचे उत्पादनही थांबायला हवे. प्रत्यक्षात त्या वेळी रिसेप्टर वाढण्याची गरज असते. हे कसे साधते?

जनुकवाचक (पवई)

मास्तर, आपली शंका नेमक्या जागी बोट ठेवते. फरक जागेचा आहे. रिसेप्टरच्या एमआरएनएवर अशा पाच घड्या असतात आणि त्या ३-प्राइम यूटीआरमध्ये असतात. तिथे आयआरपी बसल्याने रायबोसोमची वाट अडत नाही, कारण ती वाट थांबा-संकेताशीच संपलेली असते. उलट त्या भागात एमआरएनए तोडणारे विकर येऊन काम करू शकत नाही. परिणामी लोह कमी असताना रिसेप्टरचा एमआरएनए अधिक काळ टिकतो आणि अधिक रिसेप्टर बनतात. तेच प्रथिन, तशीच घडी, एकीकडे अडसर आणि दुसरीकडे संरक्षण.

जागेचे महत्त्व प्रयोगांनीही दाखवले आहे. फेरिटिनची घडी टोपीपासून कृत्रिमरीत्या साठेक न्यूक्लिओटाइडांपलीकडे सरकवली, तर तिची अडवण्याची ताकद पुष्कळच घटते, कारण तोवर लहान भाग टोपीपाशी उतरून चालू लागलेला असतो.

हार्बरलाईन_संशोधक

मी खारघरकडे पीएचडी करतो आहे आणि माझा रोजचा संबंध यूओआरएफशी येतो, म्हणजे मुख्य एयूजीच्या आधी ५-प्राइम यूटीआरमध्येच असलेल्या छोट्या वाचनीय तुकड्यांशी. माणसाच्या जवळपास निम्म्या एमआरएनएंवर असा किमान एक तुकडा असतो. रायबोसोम आधी त्यावर थांबतो, एक निरुपयोगी वाटणारे छोटे पेप्टाइड बनवतो आणि बहुतेक वेळा तिथूनच सुटून जातो. त्यामुळे सर्वसाधारणपणे यूओआरएफ मुख्य प्रथिनाचे उत्पादन कमी ठेवतात. हा नियम उलटा वापरणारे प्रसिद्ध उदाहरण एटीएफ-४ या ताणाच्या वेळी लागणाऱ्या प्रथिनाचे आहे, आणि यीस्टमधील जीसीएन-४, ज्याच्या चार यूओआरएफचे कोडे अ‍ॅलन हिनेबुश यांच्या गटाने सोडवले.

एटीएफ-४ च्या एमआरएनएवर दोन यूओआरएफ महत्त्वाचे आहेत. पहिला फक्त तीन अमिनो आम्लांचा असून तो संपल्यावरही रायबोसोमचा लहान भाग एमआरएनए न सोडता पुढे चालत राहतो. पुन्हा प्रथिन सुरू करायचे तर त्याला आरंभीचा टीआरएनए आणणारा ईआयएफ-२ चा संच नव्याने मिळवावा लागतो. पेशी सुस्थितीत असेल तर तो चटकन मिळतो, रायबोसोम दुसऱ्या यूओआरएफवर सुरू होतो, आणि हा दुसरा तुकडा मुख्य एयूजीला ओलांडून पुढे संपत असल्यामुळे एटीएफ-४ बनतच नाही. अमिनो आम्लांचा तुटवडा किंवा विषाणूची बाधा असा ताण आला की ईआयएफ-२ वर फॉस्फेट बसतो व तो संच दुर्मीळ होतो. मग लहान भागाला तो मिळायला उशीर लागतो, तोवर दुसऱ्या यूओआरएफचा एयूजी मागे पडलेला असतो, आणि संच हाती येतो तेव्हा समोर एटीएफ-४ चा एयूजी असतो. सगळ्या पेशीचे प्रथिननिर्माण मंदावत असताना या एकाचे वाढते.

हे प्रत्यक्ष कसे दिसते तेही सांगतो. पेशी फोडण्यापूर्वी त्यांवर सायक्लोहेक्झिमाइड टाकतात, जेणेकरून रायबोसोम जिथल्या तिथे गोठतील. मग नळीत खालून वर विरळ होत जाणाऱ्या, पन्नास टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंतच्या, साखरेच्या पाकावर तो द्रव अलगद ठेवायचा आणि थंड अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. नळ्या यंत्रापर्यंत नेताना हात जरा हलला तरी थर मिसळतात, त्यामुळे आमच्याकडे त्या वेळी बोळात कुणी हाक मारत नाही. नंतर २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात आलेख निघतो: आधी ४०एस (लहान भाग), ६०एस (मोठा भाग) आणि ८०एस (पूर्ण रायबोसोम) ची शिखरे, आणि त्यापुढे एकाच एमआरएनएवर दोन, तीन, चार रायबोसोम असल्याच्या लाटा. ताण दिलेल्या पेशींत या लाटा सपाट होतात आणि ८०एस चे शिखर उंच चढते. पण त्याच नळीतले शेवटचे, जड अंश काढून त्यांत एटीएफ-४ चा एमआरएनए मोजला, तर तो तिथे वाढलेला सापडतो. एकाच आलेखात सर्वसामान्य नियम आणि त्याचा अपवाद पाहायला मिळतो. २००९ पासून रायबोसोमखाली झाकलेले तीसेक अक्षरांचे तुकडे वाचण्याची पद्धत आली आहे आणि ती अधिक बारीक माहिती देते, तरी मला हा जुना आलेख जास्त विश्वासार्ह वाटतो.

सावित्री_ठाणे

३-प्राइम यूटीआरबद्दल थोडे लिहिते. इथे मुख्य प्रश्न आयुष्याचा असतो, म्हणजे एमआरएनए किती काळ टिकायचा.

टीएनएफ-अल्फासारख्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांच्या शेवटच्या पट्ट्यात एयूयूयूए ही अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते. टीटीपी हे प्रथिन तिला चिकटले की शेपटी खुडली जाते आणि एमआरएनए लवकर नष्ट होतो. एचयूआर चिकटले तर तो टिकतो. १९८६ मध्ये अशा एयूबहुल पट्ट्याचा तुकडा अत्यंत टिकाऊ समजल्या जाणाऱ्या बीटा-ग्लोबिनच्या एमआरएनएला जोडून पाहिला, तेव्हा तोही अल्पायुषी झाला. १९९९ मध्ये उंदरांच्या टीएनएफ जनुकातून हा पट्टा काढून टाकल्यावर त्यांना संधिवात आणि आतड्याचा दाह जडला. टीएनएफच्या प्रथिनाला कुणी हात लावलेला नव्हता.

मायक्रोआरएनए, म्हणजे प्रथिन न बनवणारे छोटे आरएनए, हेही मुख्यत्वे याच पट्ट्यावर काम करतात. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत दाखवले की लिन-४ हा बावीस अक्षरांचा आरएनए लिन-१४ च्या ३-प्राइम यूटीआरमधील सात जागांशी जुळतो आणि त्या प्रथिनाचे प्रमाण घटवतो. त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले. इथे एक समज दुरुस्त व्हावा असे वाटते: मायक्रोआरएनए रायबोसोमला फक्त 'अडवतात' असे पुष्कळदा लिहिले जाते, पण सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्यांच्या परिणामाचा मोठा वाटा एमआरएनए नष्ट होण्याचा असतो.

कोणता ३-प्राइम यूटीआर वापरायचा हेही पेशी बदलू शकते. एकाच जनुकात शेपटी लावण्याच्या दोन-तीन जागा असतात. वेगाने विभागणाऱ्या पेशी आणि अनेक कर्कपेशी जवळची जागा निवडतात, त्यामुळे पट्टा आखूड होतो व मायक्रोआरएनएच्या जागा गळून जातात. याखेरीज पत्ताही इथेच लिहिलेला असतो. बीटा-अ‍ॅक्टिनच्या शेवटच्या पट्ट्यातील ५४ अक्षरांचा एक तुकडा त्या एमआरएनएला पेशीच्या पुढे सरकणाऱ्या कडेला नेतो आणि अ‍ॅक्टिन तिथेच, जिथे हवे तिथे बनते.

हेमांगी_परळ

सावित्रीताईंच्या प्रतिसादाला रक्तविकारांतली जोड देते. अल्फा-ग्लोबिनचा एमआरएनए टिकाऊ असतो, कारण त्याच्या ३-प्राइम यूटीआरवर एक संरक्षक प्रथिन बसलेले असते. 'कॉन्स्टंट स्प्रिंग' या हिमोग्लोबिनात यूएए हा थांबा-संकेत बदलून सीएए होतो. रायबोसोम थांबत नाही, शेवटच्या पट्ट्यात शिरून एकतीस जादा अमिनो आम्ले जोडतो आणि जाता जाता त्या संरक्षक प्रथिनाला उधळून लावतो. लांबलेली साखळी हा त्यातला किरकोळ भाग. खरे नुकसान एमआरएनए नष्ट झाल्याने होते. हे नाव जमैकातील जागेचे असले तरी तो बदल आग्नेय आशियात अधिक आढळतो. आपल्या भारतीयांत वर्णिलेला एक अल्फा थॅलेसेमिया मात्र शेपटी कुठे लावायची ते सांगणाऱ्या खुणेतल्या बिघाडाचा आहे: एएटीएएए यातली शेवटची दोन अक्षरे गळालेली असतात.

डोंबिवली_फास्ट

विषाणूंचा उल्लेख कसा आला नाही? पोलिओच्या विषाणूला टोपीच नसते, तो ५-प्राइम यूटीआरच्या आत थेट रायबोसोम उतरवतो. माझ्या वाचनाप्रमाणे माणसाच्या शेकडो जनुकांतही अशी आयआरईएस ही सोय असते, म्हणजे टोपीपासून चालत येण्याची गोष्ट तितकीशी सार्वत्रिक नाही.

हार्बरलाईन_संशोधक

पोलिओबाबत पूर्ण सहमत. १९८८ मध्ये ते सिद्ध झाले, आणि हा विषाणू पेशीतील ईआयएफ-४जी कापून टोपीवर अवलंबून असलेले बाकीचे काम बंद पाडतो हेही खरे. पेशीच्या स्वतःच्या जनुकांतील आयआरईएसबाबत मात्र सावध राहावे असे मी सुचवेन. अशा दाव्यांसाठी बहुधा एकाच एमआरएनएवर दोन चमकणारी प्रथिने ठेवून दुसरे किती बनते ते मोजतात. पण मधल्या तुकड्यात लपलेला प्रमोटर (नक्कल काढायला सुरुवात करून देणारा डीएनएचा भाग) असला किंवा तिथे आरएनए कापून जोडला गेला, तर दुसऱ्या प्रथिनाचा स्वतंत्र, टोपीवाला एमआरएनए तयार होतो आणि आयआरईएस नसतानाही असल्याचा भास होतो. अनेक जुने दावे या कसोटीवर टिकलेले नाहीत.

अवांतर: कोरोनाच्या विषाणूची युक्ती मला पोलिओपेक्षा सुबक वाटते. त्याचे एनएसपी-१ हे प्रथिन रायबोसोमच्या लहान भागात एमआरएनए शिरण्याच्या वाटेत बूच बसवते. पण विषाणूच्या स्वतःच्या ५-प्राइम यूटीआरमधील पहिल्या घडीमुळे त्याचे एमआरएनए त्यातून सुटतात.

गिरगावकर_मास्तर

मग एमआरएनए लशींत ही टोके कुणाची वापरली?

जनुकवाचक (पवई)

फायझर-बायोएनटेकच्या लशीत सुरुवातीचा पट्टा माणसाच्या अल्फा-ग्लोबिनवरून घेतला आणि त्यातला कोझॅक परिसर सुधारला. शेवटचा पट्टा दोन तुकड्यांचा आहे: एक एईएस या मानवी जनुकाच्या एमआरएनएचा, दुसरा मायटोकाँड्रियातील १२एस रायबोसोमल आरएनएचा. हे तुकडे अंदाजाने निवडलेले नाहीत; पुष्कळ तुकड्यांच्या संग्रहातून, डेंड्रायटिक या प्रतिकारशक्तीच्या पेशींत जे एमआरएनएला अधिक टिकवतात तेच निवडून काढले. शेपटीही तीस ए, मग दहा अक्षरांचा सांधा, मग सत्तर ए अशी दोन भागांत आहे. ही लस भारतात वापरली गेली नाही. पुण्याच्या जिनोव्हाच्या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

आता धाग्याच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. रक्त गोठण्याच्या प्रोथ्रॉम्बिन जनुकातील २०२१० क्रमांकाचा बदल, जो १९९६ मध्ये सापडला, तो ३-प्राइम यूटीआरच्या अगदी शेवटच्या अक्षराचा आहे. त्याने प्रोथ्रॉम्बिन वाढते आणि शिरांत गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. तो युरोपीय वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, भारतीयांत फार विरळा. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजारात सीजीजीची पुनरावृत्ती एफएमआर-१ च्या ५-प्राइम यूटीआरमध्ये असते, तर मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या पहिल्या प्रकारात सीटीजीची पुनरावृत्ती डीएमपीकेच्या ३-प्राइम यूटीआरमध्ये. एका आनुवंशिक त्वचाकर्करोगात सीडीकेएन-२ए च्या सुरुवातीच्या पट्ट्यात एक नवाच एयूजी तयार होतो आणि रायबोसोम तिथे अडकून पडतो. तरीही मुंबईत आज सर्वाधिक सुचवली जाणारी एक्झोम तपासणी प्रामुख्याने प्रथिनाचा मजकूर वाचते. टोके अर्धवट वाचली जातात किंवा वगळली जातात. अहवालात 'महत्त्वाचा बदल आढळला नाही' असे वाक्य येते तेव्हा कोणता भाग वाचलाच नव्हता, हेही तिथे स्पष्ट लिहिले जावे.

डॉक्टर_दादरकर

शेवटच्या वाक्याशी सहमत, पण प्रयोगशाळांची बाजूही आहे. मजकुरात थांबा-संकेत अवेळी आला तर त्याचा अर्थ लावता येतो. यूटीआरमध्ये एक अक्षर बदललेले दिसले तर ते निरुपद्रवी की घातक, हे बहुतेक वेळा केवळ पाहून सांगता येत नाही. संपूर्ण जीनोम वाचला तरी अशा बदलांचा ढीग हाती येतो आणि रुग्णाला मी काय सांगायचे हा प्रश्न शिल्लक राहतो. लाखो कृत्रिम ५-प्राइम यूटीआर तयार करून प्रत्येकावर किती रायबोसोम बसतात ते मोजण्याचे आणि त्यावरून संगणकीय अंदाज बांधण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतला आकडा यकृताला किंवा मेंदूला लागू होईलच असे नाही. माझा आग्रह एवढाच की लक्षणांवरून विशिष्ट जनुकाचा संशय असेल, तर त्याची टोके मुद्दाम मागून वाचून घ्यावीत. सरसकट वाचण्याने गोंधळच वाढेल.

मुलुंडवासी

डॉक्टर, हेमांगीताईंनी लिहिलेल्या फेरिटिनच्या प्रकारासारखेच माझ्या मेहुण्यांचे अहवाल आहेत: फेरिटिन सतत वाढलेले, सॅच्युरेशन सामान्य. एक्झोममध्ये काही निघाले नाही. पुढे नेमके काय मागावे?

हेमांगी_परळ

सर्वप्रथम, वाढलेल्या फेरिटिनची नेहमीची कारणे आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. दाह, मद्यपान, यकृतातील चरबी आणि मधुमेह ही कारणे या आजारापेक्षा कितीतरी अधिक आढळतात. ती नसतील तर मेहुण्यांच्या आई-वडिलांचे आणि भावंडांचे फेरिटिन मोजा. ही तपासणी स्वस्त आहे, आणि हा आजार पिढी न चुकवता निम्म्या मुलांत उतरण्याची शक्यता असल्याने घरातल्या आणखी कुणाचा आकडा वाढलेला निघाला तर संशय बळावतो. सोबत नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली भिंग पाहून घ्या. नजर चांगली असतानाही बारीक ठिपके दिसू शकतात.

त्यानंतर जनुकतपासणीच्या अर्जावर केवळ 'एफटीएल जनुक' असे न लिहिता 'एफटीएलचा ५-प्राइम यूटीआर, आयआरई भागासह, सँगर पद्धतीने' असे स्पष्ट लिहून मागा. तुकडा लहान आहे, त्यामुळे पीसीआर करून तो वाचणे अवघड नाही. निदान होईपर्यंत केवळ फेरिटिनच्या आकड्यावरून रक्त काढून घेऊ नका.